रेस्पिरेटरच्या पिशवीतली संत्री

१९८७ च्या जानेवारीत आमची कंपनी राजस्थानच्या सीमेवर खंदकात होती. गेलो होतो सरावाला. पण पलीकडची फौजही पुढे सरकली आणि सराव बाजूला राहिला. सुट्ट्या रद्द झाल्या. मी नाईक, राहणार पांढुर्णा. माझा बडी, म्हणजे खंदकातला जोडीदार, लान्स नाईक बाबाराव, जाम नदीपलीकडच्या सावरगावचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत, म्हणजे दोन गावांच्या दगडफेकीच्या खेळात, आम्ही समोरासमोरच्या काठांवर उभे राहत आलेलो. माझ्या कपाळावरची खूण आपल्याच दगडाची, असं तो साऱ्या प्लाटूनला कौतुकानं सांगायचा. खरंखोटं देव जाणे. खंदकात मात्र माझं ब्लँकेट आधी तो झटकायचा, विंचू असेल म्हणून.

रोज सकाळी दहाला अणुहल्ल्याची ड्रिल. चमक दिसली की तोंड खाली घालून आडवं व्हायचं. तोफगोळ्याच्या रिकाम्या टरफलावर टोले पडले की नऊ सेकंदांत रेस्पिरेटर, म्हणजे विषारी हवेपासून वाचवणारा मास्क, तोंडावर. पलीकडे बॉम्ब तयार आहे की नाही, कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. आम्ही थट्टा करायचो, कारण भीती वाटायची. बाबारावनं एकदा मेजरसाहेबांना विचारलं, त्या बॉम्बची धूळ आमच्या गावापर्यंत जाईल का? साहेब म्हणाले, वाऱ्यावर आहे. तेव्हापासून हा पठ्ठ्या उठला की आधी वारा पाहायचा. घरी त्याला मुलगी झाली होती. तिचं तोंड त्यानं अजून पाहिलं नव्हतं.

मुलगी झाल्याच्या पत्राबरोबर संत्र्यांचं पार्सलही आलं होतं. उंदरांपासून वाचवायला बाबारावनं संत्री रेस्पिरेटरच्या पिशवीत भरली आणि रेस्पिरेटर मागच्या बंकरमध्ये खिळ्याला टांगला. मी पाहिलं होतं. बोललो नाही, कारण अर्धी संत्री माझी होती.

दोन दिवसांनी, दुपारी दोन वीसला टोले पडले. ही ड्रिलची वेळ नव्हती. रेडिओवर आवाज आला, "सर्व पोस्ट, मास्क. ड्रिल नाही. ओव्हर."

बाबारावनं पिशवी उघडली. आत संत्री. बंकर ऐंशी पावलांवर.

मी माझा रेस्पिरेटर त्याच्या तोंडावर दाबला. "घाल बे. तुले पोरगी पाह्याची हाय."

त्यानं तो ओढून माझ्या तोंडावर दाबला. "चूक माही हाय. तू घाल."

नऊ सेकंद केव्हाच गेले. आम्ही झोंबतच राहिलो. रेस्पिरेटर शेवटपर्यंत कुणीच घातला नाही. वीस मिनिटांनी "ऑल क्लिअर" आलं. आपलंच विमान होतं, कुणीतरी शत्रूचं समजलं. सुभेदारसाहेबांनी आम्हाला पाठीवर भरलेल्या पिट्टूचं ओझं लावून पळवलं, संत्री जप्त केली आणि संध्याकाळी आमच्यासमोर बसून सोलून खाल्ली. बाबाराव हसून हसून लाल झाला. त्या वेळी माझं त्याच्यावर जेवढं प्रेम होतं, तेवढं त्याआधी कुणावरच नव्हतं.

महिन्याभरात दोन्हीकडच्या फौजा मागे फिरल्या. आम्हीच पेरलेले सुरुंग काढायचे राहिले होते. बाबारावची सुट्टी मंजूर झाली, निघायला दोन दिवस होते. त्या सकाळी सव्वासातला त्याच्या हाताखालचा सुरुंग फुटला. मी तीस पावलांवर होतो.

सावरगावला मी गेलो. वहिनी मुलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, "भाऊ, लढाई तर झालीच नाही म्हणतेत. मंग हे कसे गेले?"

त्या साली युद्ध टळलं, काहीच घडलं नाही, असं कुणी म्हणालं की मी त्याला थांबवतो आणि लान्स नाईक बाबारावचं नाव सांगतो.