नळाचं मत, कारखान्याचं मत

दर निवडणुकीत दोघंच उभे: एक गावातल्या शर्टांच्या कारखान्याचा माणूस, दुसरा घरोघरी नळ देऊ म्हणणारा. आमच्या घरात मतांची वाटणी ठरलेली. बाबा म्हणायचे, "पुरुष मत देतात कारखान्याला, बायका नळाला." आई म्हणायची, "पाणी तुम्ही भरून बघा एकदा, मग बोलू." तेव्हा बाबा आणि धाकटा भाऊ एकीकडे, आई आणि मी दुसरीकडे.

मग धाकट्यानं सांगितलं, मी मुलगी आहे. आणि ती तशीच राहायला लागली. बाबांनी आकाशपाताळ एक केलं. म्हणे, "पोरगा गेला तो गेला, कारखान्याचं मतही गेलं!" घ्या! म्हाताऱ्याला पडलेलं कशाचं, तर मताचं. धाकटीनं वेगळी खोली घेतली. सात वर्षं अबोला. मध्ये आई गेली, तेव्हाही बाबा धाकटीकडे पाठ करून बसले. मला अजून राग येतो.

धाकटी शर्टांना काजं करते, त्याच कारखान्यात. झोपेतही तिची बोटं दोरा ओढत असतात.

यंदा तिच्या ओळखपत्रावर पहिल्यांदा 'स्त्री' आलं. केंद्र आमच्याच जुन्या शाळेत. झरोक्यातून कोवळं ऊन उतरत होतं, त्यात खडूची धूळ तरंगत होती, आणि बायकांच्या रांगेत ती माझ्यापुढे उभी. क्षणभर वाटलं, आम्ही अजून लहानच आहोत, आणि हिला मुलांच्या रांगेत कुणी कधी ढकललंच नाही. बाबा शेजारच्या रांगेत होते.

"बोलतील का गं ताई?"

"न बोलून जातील कुठे? मी आहे ना!"

शाई लावून बाहेर आलो. बाबा पायरीवर बसले होते. सात वर्षांनी तोंड उघडलं ते असं, "दिलंस ना नळाला?"

"नाही बाबा. कारखान्याला. पोट त्याच्यावर आहे माझं. दरवेळी तिथंच देते."

बाबा बोटावरची शाई चोळत राहिले. मग हळूच म्हणाले, "मी नळाला दिलं. तुझी आई गेल्यापासून पाणी मीच भरतो."

मला हसू आवरेना. धाकटी रडत होती.

बाबा उठायला गेले, जमेना. तिनं हात पुढे केला. त्यांनी त्या हाताकडे जरा वेळ बघितलं.

"धर पोरी," ते म्हणाले, "बादल्या उचलून खांदा गेलाय माझा."