संतरामचं ‘वाढव’

वारंगा फाट्यावर संतराम वेल्डरइतका भित्रा माणूस दुसरा नव्हता, आणि हे तो स्वतःच आधी सांगून टाकायचा. विजेच्या बोर्डाला हात लावायचा तर पायात रबरी चप्पल हवी. ट्रकखाली शिरायचं तर जॅकच्या जोडीला दगड हवेत, आणि एवढं करून शिरायचं भागीदार नासेरनं. हा बाहेर उभा राहून “ये बाबा लवकर” करत राहायचा. पण त्याच्या हातचा जोड कधी तुटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. भीतीपायी तो एकेक टाका हातोडीनं ठोकून, पुन्हा ठोकून बघायचा. म्हणून उसाच्या ट्रॉल्या आणि कुरुंद्याच्या हळद शिजवायच्या कढया त्याच्याच शेडसमोर येऊन पडायच्या.

त्याची सगळ्यात मोठी भीती मात्र एका शब्दाची होती. तो शब्द म्हणजे ‘बंद’.

तसं आपल्याकडे दुकान कुणी बंद करत नाही, वाढवतात. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. नारळसुद्धा फोडत नाहीत, वाढवतात. अभद्र तोंडातून जाऊ नये, एवढाच त्यातला भाव. संतरामचे वडील ग्यानबा फाट्यावर किराणा विकायचे, आणि तेही रोज दुकान वाढवायचेच. एका दिवाळीला गिऱ्हाईक हटता हटेना, तेव्हा ते वैतागून म्हणाले, “बंद झालं दुकान. जा आता.” दुसऱ्या सकाळी ते उठलेच नाहीत. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाला. पण लहानग्या संतरामनं तो शब्द स्वतःच्या कानानं ऐकला होता, आणि त्याच्या लेखी बापाला शब्दानंच नेलं होतं.

त्यानंतर त्यानं तो शब्द तोंडी येऊ दिला नाही. लेथ वाढव, पंखा वाढव, कॉम्प्रेसर वाढव. एकदा शिरड शहापूरच्या ट्रॅक्टरवाल्याला तो म्हणाला, “इंजिन वाढव.” त्या भल्या माणसानं पाय असा दाबला की सगळा फाटा धुरानं काळा झाला. लोक पोट धरून हसले, संतरामही हसला. नासेरनं तो किस्सा पुढे वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला चहाबरोबर वाढला.

नासेर त्याचा जुना भागीदार. एकाच शेडमध्ये संतरामकडे वेल्डिंग आणि नासेरकडे इंजिनं. मध्ये काही वर्षं नासेर दुबईच्या गॅरेजात काम करून आला, आणि नव्याण्णव साली परतला तो डोक्यात किडा घेऊनच. तिथं त्यानं मोटारसायकलींची एक शर्यत पाहिली होती. त्यात वळण नाही, फेरी नाही. सरळ रस्ता, चारशे मीटर, पुढे पोचेल तो जिंकला.

“ड्रॅग रेस म्हनतेत तिला,” नासेर म्हणाला.

संतरामला ऐकू आलं ‘डर रेस’. त्याला ते नाव अगदी बराबर वाटलं.

उन्हाळ्यात औरंगाबादला तशी शर्यत होणार, असं नासेर कुठूनतरी ऐकून आला, आणि मग त्याला धरबंधच राहिला नाही. भंगारातून साडेतीनशे सीसीचं दोन सिलेंडरचं जुनं इंजिन आलं. दिवाळीनंतर हात घातला तो होळीपर्यंत गाडी उभी राहिली. गाडी म्हणजे काय, इंजिनावर माणूस बसवायचा आणि देवाला हाक मारायची. दिवा नाही, मडगार्ड नाही, बसायला फोमचा तुकडा. सुटताना पुढचं चाक उचललं जाऊ नये म्हणून मागचं चाक धरणारा चिमटा हातभर लांब करायचा होता, आणि ते काम संतरामचं. पाइप जोडताना त्याचे हात स्थिर होते. जोड थंड झाला आणि ह्याच्यावर जितंजागतं माणूस बसणार हे डोक्यात शिरलं. मग त्यानं आतून आणखी एक पाइप घातला आणि बाहेरून पट्टी मारली.

“काहून वजन वाढवून राहिला?” नासेर करवादला.

“माणूस कमी व्हन्यापरीस वजन वाढलेलं बरं,” संतराम म्हणाला.

इंजिन पहिल्यांदा चालू झालं तेव्हा शेडचे पत्रे थडथडले. संतराम दाराबाहेर पळाला आणि तिथून ओरडला, “वाढव, नासेर, वाढव!” नासेरनं हसत हसत बटण दाबलं आणि इंजिन थांबलं. त्याला संतरामची भाषा नवी नव्हती.

अडचण निघाली ती वजनाचीच, पण नासेरच्या. दुबईनं त्याला चांगलं पोट दिलं होतं. गाडीला हलकं अंग पाहिजे होतं. शेवटी त्याच्या बायकोचा, सिमरनचा, एकुलता एक भाऊ अफरोज निजामाबादहून आला. अंगानं काडी, आणि भीती कशाशी खातात हे त्याला ठाऊकच नव्हतं. मराठी समजण्यापुरती, बोलायला दखनी.

सिमरन स्वतः शेडवर आली. नासेरकडे न बघता संतरामला म्हणाली, “भाऊ, ह्यांच्यावर माझा भरवसा न्हाई. तुमच्यावर हाय. तुमी भितात ना, म्हनून. जरा इकडंतिकडं झालं की तुमीच थांबवा त्याला.”

संतरामनं मान हलवली, आणि त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. डोळे मिटले की मोडलेला चिमटा दिसे. संगिता, त्याची बायको, म्हणाली, “मग सरळ न्हाई म्हना की.”

“न्हाई म्हनायचंबी भ्या वाटतं,” तो म्हणाला. ते खरंच होतं.

फाट्याच्या पुढे एका नव्या रस्त्याचं काम चालू होतं. डांबर पडलं होतं, पण शेवटची मोरी व्हायची होती. तिथं रस्ता संपून खाली दगडांचा खड्डा होता. शेजारी तांड्यावरच्या नेमसिंगचं शेत. संतरामनं त्याच्या हातापाया पडून खड्ड्याच्या अलीकडे गाड्यागाड्यानं भुसभुशीत माती टाकून घेतली. नासेर म्हणाला, “अरे, गाडी तितवर जातच न्हाई.” संतरामनं ऐकलं नाही. आणखी दोन बैलगाड्या माती टाकली.

चाचणीच्या सकाळी ऊन नुकतंच वर आलं होतं. गुरं आडवी येऊ नयेत म्हणून नेमसिंग लाल फडकं घेऊन मोरीपाशी उभा राहिला. नासेर घड्याळ घेऊन चारशे मीटरच्या चुन्याच्या रेघेवर. सुटायच्या जागी अफरोज आणि संतराम दोघंच. ठरलं होतं ते सोपं होतं: काही बिघाड दिसला तर संतराम सांगणार आणि अफरोज बटण दाबणार.

पहिली फेरी अर्ध्या जोरानं झाली. अफरोज हसत परत आला. “चाचा, गाडी मैं चलारा, पसीना तुमकू कायकू आरा?”

संतरामला हसू आलं नाही. त्यानं नटाबोल्टांवरून हात फिरवला, चिमट्याचे जोड चाचपले. ते पक्के होते. त्याचं सगळं लक्ष आपल्या जोडांवर, आणि तिथंच घात झाला. पेट्रोलची नळी पहिल्या फेरीत हादरून सैल झाली होती, ती त्याला दिसलीच नाही.

अफरोजनं हेल्मेट चढवलं. इंजिन ओरडायला लागलं. संतराम वाकून बघतोय तोच तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोलचे थेंब पडले आणि निळसर जाळ उठला. अफरोजच्या पोटरीपासून वीतभर अंतरावर.

संतरामच्या डोळ्यांपुढे सिमरनचा चेहरा आला. आणि इतक्या वर्षांच्या भीतीनं जो शब्द जिभेवर ठेवला होता, तोच बाहेर पडला. “वाढव! अफरोज, वाढव!”

अफरोजनं त्याच्याकडे पाहिलं. वाढव म्हणजे बढाव, एवढं मराठी त्याला येत होतं. त्यानं मान डोलावली, मूठ पूर्ण पिळली आणि तो गेला.

संतराम मागे धावला. चप्पल सुटली तरी धावला. आगीची जीभ आता सीटपर्यंत पोचली होती. त्याच्या घशातून आवाज आला, “बंद कर! बंद कर रे लेकरा, बंद!” इंजिनाच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. ते त्याचं त्यालाच ऐकू आलं आणि तो जागच्या जागी थांबला. तो शब्द आपण बोललो. बापाला नेलं त्या शब्दानं, आता ह्यालाही नेणार. त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं, आणि समोर गाडी चुन्याची रेघ ओलांडून मोरीकडे जाताना बघत राहिला.

रेघेवरून नासेर हात हलवत ओरडत होता. पायाला चटका बसला तेव्हा कुठं अफरोजला कळलं. त्यानं ब्रेक दाबला, गाडी आडवी झाली, घसरत गेली आणि मातीच्या ढिगात घुसली. अफरोज त्या मातीतच रुतून राहिला. गाडी ढिगावरून उडाली आणि खड्ड्यात पडून भडकली. नेमसिंगनं हातांनी माती ओढून पोराच्या पायावरचा जाळ विझवला.

जीपमधून नांदेडला नेईपर्यंत अफरोज शुद्धीवर नव्हता. संतरामनं त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि पुन्हा पुन्हा नाकापुढे बोट नेऊन श्वास बघत होता. श्वास होता. तरी त्याला खात्री वाटत नव्हती.

गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, पोटरी भाजली होती. पण जीव वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. सिमरन आली, खाटेशी बसली. दुपार कलल्यावर अफरोजनं डोळे उघडले आणि नासेरनं पहिलं विचारलं ते हेच, “अरे, आग दिसत व्हती तरी सोडली कशी तू?”

“मेरेकू नई दिसी,” अफरोज पुटपुटला. “चाचा बोले ना, वाढव. तो मैं बढाया.”

नासेरला सगळं एका क्षणात उमगलं. ट्रॅक्टरवाल्याचा किस्सा शंभर वेळा त्यानंच सांगितला होता. सिमरननं संतरामकडे वळून पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच संतरामला सहन झालं नाही.

“तुमी तर भितात ना, भाऊ,” ती म्हणाली.

संतराम भिंतीला टेकून खाली बसला. त्याला रडू येत होतं आणि रडायचीही भीती वाटत होती.

तेवढ्यात नर्स आली. वर टांगलेली बाटली रिकामी झाली होती. “सलाईन झालं,” ती म्हणाली, “बंद करते आता.”

नासेर ताडकन उठला. ज्यानं ह्या शब्दावरून संतरामची आयुष्यभर टर उडवली, त्या नासेरचा चेहरा पांढरा पडला होता. “सिस्टर,” तो म्हणाला, “तसं न्हाई म्हनायचं. वाढवते म्हना.”

संतराम भिंत धरून उभा राहिला. बापाचा त्या शेवटच्या संध्याकाळचा आवाज त्याच्या कानात घुमत होता.

“न्हाई, नासेर,” तो म्हणाला. “बंद म्हनू दे. लेकराला कळंल असं बोलू दे.”