दहा तारखेला संपणारं नेट

गोव्यातल्या खाणी बंद पडल्यावर मी डिचोलीतल्या घरीच लोकांचे अर्ज टाइप करून द्यायला लागलो. डोंगलवर महिन्याचं ठरावीक नेट मिळायचं. ते दहा तारखेलाच संपायचं, मग एक पान उघडेपर्यंत चहा गार. डोकं फिरायचं माझं.

चोर घरातच आहे, हे मी ठरवून टाकलं होतं. थोरला भाऊ गेल्यापासून वहिनी आमच्याकडे. तिचा एकुलता मुलगा पोर्तुगीज पासपोर्टावर विलायतेला गेलेला, गोदामात कामाला. दुपारपाळीवर निघण्याआधी, आपल्याकडच्या चार वाजता, तो रोज माझ्या कंप्युटरवर व्हिडिओ कॉल करी. वहिनी पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे पाव कॅमेऱ्यासमोर धरायची, तो तिकडून वास घेतल्यासारखं करायचा. मला मेलं त्यातलं काही दिसायचं नाही, दिसायचं ते नेट. एक दिवस बोललोच, की तुमच्या गप्पांपायी माझी कामं अडतात. दुसऱ्या दिवसापासून चारला वहिनी परसात जाऊन बसू लागली.

तरी नेट दहालाच संपलं. पुढच्या महिन्यातही. म्हणजे ही चोरून बोलते. मी शेजारच्या साखळी गावाहून कंप्युटरवाल्याला आणलं. कुठला प्रोग्राम किती नेट खातो, ते दाखवणारं काहीतरी त्याने बसवलं. आठवड्याने तो परत आला, तेव्हा मी वहिनीला मुद्दाम समोर बसवलं. पुराव्यानिशी पकडायची होती ना!

यादीत व्हिडिओ कॉलपुढे शून्य. सगळ्यात वर ब्राउझर. त्याने खाली दडलेली खिडकी वर काढली, तर आमच्या देवस्थानाचं थेट दर्शन चालू. ते रोज सकाळी मीच लावायचो आणि नमस्कार झाला की बंद न करता खाली सरकवायचो. आमच्यात दिवासुद्धा 'विझवला' म्हणत नाहीत, मग देवावर फुली कशी मारायची? दिवसभर तेच नेट खात होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती मी दिली होती.

कंप्युटरवाला हसला. वहिनी हसली नाही. आज चारला कॉल मीच लावून देतो, असं मी म्हटलं.

"नको भावजी," ती म्हणाली. "त्या वेळेक तो आता रातपाळी करून निजता. मीच सांगलंय तेका, हयसर नेट नसता म्हणान."

मी देवावर फुली मारली. आता महिनाअखेरीला नेट उरतं. चारला वहिनी परसातच असते.