बांधावरचा सिग्नल

मुदखेडला मी स्टेशन मास्तर होतो. नोकरी करता करता नांदेडला कायद्याची पदवी घेतली, मुदतीआधी निवृत्त झालो आणि लातूरच्या कोर्टात काळा कोट चढवला. कोट नवा होता, माणूस मात्र स्टेशनवरचाच राहिला. पहिल्याच दिवशी न्यायाधीश बाई म्हणाल्या, "बोला, वकीलसाहेब." मी असा काही आवाज लावला, की मागच्या बाकावरच्या म्हातारीने घाईघाईने पिशवी उचलली. बाई शांतपणे म्हणाल्या, "हळू बोला. इथे कुणाची गाडी सुटत नाहीये."

औशाजवळचे दोन सख्खे भाऊ भांडत कोर्टात आले. मी धाकट्याचा वकील. दोघांच्या शेतात जायला एकच अरुंद वाट. एका सकाळी दोघांचे ट्रॅक्टर समोरासमोर आले आणि मागे कुणीच घेईना. तेव्हापासून बोलणं बंद, खटला चालू.

वहिवाटीच्या हक्कावर मी मोठी तयारी केली होती. उभा राहिलो आणि नेमकं कलमच विसरलो. समोरचे वकील मिशीत हसायला लागले. घाबरून मला जे येत होतं तेच मी बोलून गेलो : "मॅडम, एकेरी लाईनवर आम्ही ड्रायव्हरला लोखंडी गोळा द्यायचो. गोळा एकच. ज्याच्या हातात तो, त्याचीच गाडी पुढे. या वाटेलाही तसंच काही करावं."

कोर्टात हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. "पक्षकारांना विचारा," म्हणाल्या.

थोरला पुढे सरकला. मग म्हणाला, "गोळा कुठून आणावा? आमच्या वडलांच्या बैलाची घंटा हाय."

"माझ्या घरी हाय ती," धाकटा म्हणाला. त्या सकाळनंतर भावाशी तो पहिल्यांदाच बोलत होता.

घंटेवर तडजोड झाली. कोर्टात माझं नाव 'गोळेवकील' पडलं. मी मात्र न्यायशास्त्रात भर घातल्याच्या थाटात हिंडू लागलो.

हिवाळ्यात आपली व्यवस्था पाहायला मुद्दाम गाडी काढून गेलो. दोघे भाऊ लिंबाखाली एकाच फडक्यातली भाकरी खात बसले होते.

"घंटा कुठाय?" मी विचारलं.

"म्हशीच्या गळ्यात," धाकटा म्हणाला. "रोज नेऊन देणं लई किचकट हो, वकीलसाहेब. आता आमी फोन करतो, 'निघू का?' म्हणून."

थोरल्याने माझ्यापुढे भाकरी-ठेचा सरकवला. खरं सांगायचं तर मला थोडं वाईटच वाटलं. भाऊ एक झाले, पण माझी पद्धत निकालात निघाली होती. तरी ठेचा झकास होता, दोनदा मागून घेतला.

परत निघालो, तर वाटेत समोरून शेजाऱ्याचा उसाने भरलेला ट्रॅक्टर. मागे घ्यायची पाळी माझीच. सगळी उमर गाड्या मागेपुढे करवून घेण्यात गेली, पण स्वतःच्या हाताने मी एकही मागे घेतली नव्हती. थोरला मागे उभा राहून ओरडत होता, "डावीकडं... डावीकडं... आता बस!" तोवर माझी गाडी तुरीत शिरली होती.