हाडातली वाट

‘डॉक्टर गेले,’ असा दवाखान्यातून फोन आला आणि मी विचारलं, ‘मंग परत कधी येतील?’ पलीकडं कंपाउंडर रडायला लागला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला... उजेड कसला, अंधारच.

डॉक्टर म्हणजे दिनकर. टेंभुर्णीच्या शाळेत आम्ही एका बाकावर. तो हाडांचा डॉक्टर झाला, मी जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलचा सुपरवायझर. काही वर्षांपूर्वी सळयांनी भरलेल्या टेम्पोवर चढून मी पोरांना दोर कसा आवळायचा ते शिकवून राह्यलो होतो. दोर आवळला गेला, मी खाली आलो. कमरेमागचं त्रिकोणी हाड उभं चिरलं. दिनकर त्याला त्रिकास्थी म्हणायचा, मी शेवटपर्यंत माकडहाडच म्हणत राहिलो. बाजूनं स्क्रू घालून ते जोडायचं होतं. पण सीटी स्कॅन बघून त्यानं ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर ढकललं, आणि मी कण्हता कण्हता तापलो.

‘अरे, एक स्क्रू तर घालायचाय! आमच्या मिलमधी असली कितीक भोकं पाडतो.’

‘तुझी सळई साच्यातून निघती, दत्त्या. माणूस न्हाई निघत. तुझ्या हाडाचा वरचा भाग जन्मापासून तिरका आहे. नेहमीच्या जागी सरळ घातला तर स्क्रू हाड सोडून पुढं निघंल. तिथूनच पायाची नस जाती. मंग पाऊल उचलणार न्हाई, फरफटत चालशील.’

‘मंग?’

‘याच हाडाच्या खालच्या भागात वाट रुंद आहे. तिथून जाऊ. पण आधी मला ती नीट बघू दे.’

‘म्हणजे मी हाडाचाच वाकडा?’

‘ते शाळेतच माहीत होतं. आज फोटो मिळाला.’

शुद्धीवर आलो तेव्हा तो पायाशी उभा होता. ‘अंगठा वर कर.’ अंगठा उचलला गेला. दिनकर धपकन खुर्चीत बसला, डोळे मिटून घेतले... माझ्यापेक्षा तोच जास्त भ्याला होता.

त्यानंतर मी उगीचच दवाखान्यात जायचो. कधी कळ, कधी मुंग्या, कधी नुसताच चहा. तो पाय मांडीवर घेऊन दाबून बघायचा, मी मिलमधल्या गमती सांगायचो. गेल्या दिवाळीनंतर त्याचा शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला होता. मी म्हणालो, ‘काय रे, या वयात पोरगी बघायला निघाला का?’ तो हसला आणि माझ्या पायाशी बसला. पोटात कॅन्सर आहे हे त्यानं घराबाहेर कुणाला कळू दिलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात वहिनींना भेटायला दवाखान्यामागच्या घरी गेलो. त्याची तपासायची खोली अजून आवरलेली नाही. तो बसायचा ते बुटकं स्टूल टेबलाशी तसंच आहे. चहा आला आणि मी, दुसरं काय, पायाचंच बोलायला लागलो. थंडीत मुंग्या येतात, आता हे हाड कुणाला दाखवायचं...

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘भाऊजी, ते दर वेळी तुमचा पाय बघायचे. तुम्ही एकदा तरी त्यांच्या तोंडाकडं बघितलं का?’