बिरामामांचा फोन मी रूट केला नाही

"पुसा की वो सगळं. मला काय नगं त्यातलं," बिरामामा म्हणाले आणि फोन माझ्या काउंटरवर सरकवला. त्याआधी त्यांनी सिम कार्ड तेवढं काढून घेतलं, प्लास्टिकच्या पुडीत गुंडाळलं आणि फेट्याच्या घडीत खोचलं. मला वाटलं, नंबर जपतायत.

जतमध्ये माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. बिरामामा जुनं गिऱ्हाईक. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं, हे त्यांचं वर्ष. यंदा निघायला दोन दिवस राहिले होते. सोबत यलव्वामामी होत्या, त्यांची बायको. त्या बाकावर बसल्या, तोंडावर पदर घेऊन. मी दोनदा चहा विचारला, तर नुसती मान हलवली. गेल्या वर्षी याच बाकावर बसून माझ्या लेकीच्या मार्कांपर्यंत सगळी चौकशी केलेली बाई ही. मला जरा रागच आला.

"आन् ताई, रूट करून द्या," मामा म्हणाले. "भाचा हाय शिरवळला, कंपनीत. त्यो म्हणतो, रूट केल्यावर आवाज वाढतो."

यूट्यूब बघून डॉक्टर झालेले भाचे मला नवीन नाहीत. तर रूट म्हणजे काय, थोडक्यात सांगते. फोन तुमचा असला तरी त्याच्या आतल्या काही खोल्यांना कंपनीचं कुलूप असतं. रूट करणं म्हणजे त्या किल्ल्या आपल्या हातात घेणं. मग नको ती ॲप काढता येतात, आवाजाची ठरवून दिलेली मर्यादाही ओलांडता येते. पण पहिलंच कुलूप, त्याला बूटलोडर म्हणतात, उघडलं की फोनमधलं होतं नव्हतं ते सगळं पुसलं जातं. पुढे बँकेची ॲप चालतील याची खात्री नसते, आणि वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं.

हे सगळं मी मामांना सांगितलं.

"बँकेत मी पासबुक घिऊन जातो," ते म्हणाले. "पुसा तुमी."

"फोटो जातील."

"जाऊंदेत."

"आणि एवढा आवाज कशाला पाहिजे?"

"माळावर वारं लय असतंय, ताई. ऐकूच जात न्हाई."

फोन आलेला कळत नसेल, असं मी धरून चालले. फॉर्मवर सही घेतली, केबल लावली, कॉम्प्युटरवरून कमांड दिली. फोनच्या काळ्या स्क्रीनवर सूचना आली: सर्व माहिती पुसली जाईल, पुढे जायचं का? 'हो'साठी आवाजाचं वरचं बटण. माझा अंगठा बटणावर होता.

"किती वाढंल वो आवाज?" मामांनी विचारलं.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. काम सुरू करण्याआधी स्पीकर, माइक, कॅमेरा तपासायचा, हा माझा नियम. नाहीतर नंतर गिऱ्हाईक म्हणतं, तुम्हीच बिघडवलं. त्या दिवशी घाईत मी तेच विसरले होते. स्वतःला एक शिवी हासडली, 'नाही' निवडलं आणि फोन परत चालू केला. रिंगटोनच्या यादीत सगळ्यात वर एक अनोळखी नाव होतं, तेच दाबलं.

"हुर्रर्र... येऽ येऽ येऽ! ये माज्या बाया, येऽ!"

बाईचा खणखणीत आवाज. आवाज यलव्वामामींचा. मी हसत त्यांच्याकडे वळले. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. पदर खाली सरकला होता आणि गळ्यावर ऑपरेशनची खूण दिसत होती.

मामांनी मात्र फेटा चाचपला. पुडी काढून बघितली. सिम जागेवर होतं.

"शिम तर हितं हाय," ते घाबरून म्हणाले. "मग ही कुठनं बोलली?"

"फोनमधून, मामा. रेकॉर्डिंग फोनमध्ये असतं."

"आवं, तिचा नंबर लागला की तिचाच आवाज येतो. मंजी शिममधनंच येत असंल की!"

त्यांच्या बाजूने हिशोब बरोबर होता. मग हळूहळू सगळं कळलं. मामींना घशाचा आजार झाला. डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, आवाज राहणार नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मिरजेत दवाखान्याच्या गेटवर भाच्याने त्यांची हाक रेकॉर्ड केली. वॉचमन काठी घेऊन धावत आला म्हणे. तीच हाक भाच्याने मामींच्या नंबरला रिंगटोन म्हणून लावून दिली.

"सांजच्याला ही तळावरनं मिस कॉल देती," मामा म्हणाले. "फोन माज्या कमरंला. हिची हाक वाजली की मेंढरं तळाकडं वळत्यात. माज्या शीळंला कोण इच्यारत न्हाई. हिनंच बाटलीनं दूध पाजून वाढवल्याली हायती ती."

"दुसरीकडे कुठे आहे का हे रेकॉर्डिंग? भाच्याकडे?"

"न्हाई. त्यानं ह्यातच केल्यालं."

जगात उरलेला त्या बाईचा एकमेव आवाज, आणि माझा अंगठा त्या बटणावर होता! काउंटरखाली वाकून मी केबल शोधल्याचं नाटक केलं. डोळे पुसले आणि मग कामाला लागले.

आधी त्या हाकेच्या तीन प्रती काढल्या: एक मेमरी कार्डावर, एक पेन ड्राइव्हवर, एक माझ्या कॉम्प्युटरवर. मग स्पीकरची जाळी भिंगाखाली धरली. आत धूळ आणि लोकर इतकी ठासलेली होती की आवाज बाहेर येत होता हेच नवल. ब्रशने साफ केली. शेवटी कॉम्प्युटरवर त्या रेकॉर्डिंगचाच आवाज वाढवला, मूळ प्रतीला हात न लावता, आणि ती मोठ्या आवाजाची हाक मामींच्या नंबरला लावली. रूटची गरजच पडली नाही. सगळं मिळून अर्धा तास.

सिम परत घातलं. मामींनी कनवटीचा बटणाचा फोन काढला, रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीपर्यंत गेल्या आणि नंबर लावला. काउंटरवर हाक अशी दणकली की शेजारचा टेलर मशीन सोडून बाहेर आला. पलीकडे मामी लहान लेकरासारख्या हसत होत्या. रिंग पूर्ण वाजून थांबली. त्यांनी परत लावला.

"मामा, एकदा उचला तरी," मी म्हटलं. "आवाज नीट जातोय का बघू."

मामांनी फोन दोन्ही हातांत धरला होता.

"उचलला की तिचा आवाज बंद व्हतो, ताई," ते म्हणाले. "म्या कवाच उचलत न्हाई."

फोन रूट करावा का, असं अजूनही लोक विचारतात. मी आधी विचारते, तुम्ही फोन कशाकशाला वापरता ते सगळं सांगा. बरेच जण चिडतात. चिडू देत.