टँडेमच्या पुढच्या सीटवर कोण? मयोर्काच्या डोंगरातले चार दिवस

"मी सायकल चालवायला चाललेय, भांडायला नाही," असं मी साउथहॅम्प्टन एअरपोर्टवर सिक्युरिटीच्या रांगेतच सतीशला बजावलं. तो म्हणाला, "बघू."

सतीश माझा नवरा. गेल्या वर्षी जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, म्हणून रिटायर झाला. त्याला काचबिंदू आहे. समोरचं नीट दिसतं, पण दोन्ही बाजूंचं दिसणं कमी कमी होत चाललंय. फेब्रुवारीत सुपरमार्केटच्या कारपार्कमध्ये ट्रॉली ढकलत येणारी एक बाई त्याला दिसलीच नाही. मी किंचाळले, त्याने ब्रेक मारला, बाई वाचली. यावर डॉक्टरसाहेब काय म्हणाले? "ती मध्येच आली." अरे, मध्येच काय! कधीची येत होती ती!

डोळ्यांच्या स्पेशालिस्टने त्याला सरळ सांगितलं होतं की ड्रायव्हिंगसाठीची डोळ्यांची टेस्ट करून घ्या आणि लायसन्सवाल्यांना कळवा. आयुष्यभर पेशंटना हेच सांगणारा माणूस स्वतःची वेळ आल्यावर म्हणाला, "मयोर्काहून आल्यावर बघतो." आमची मुलगी मिहिका ब्रॅकनेलला आयटीत आहे. जन्म इथला, इंग्लंडातलाच, त्यामुळे मराठी तिच्या स्टाइलचं. ती रोज फोनवर एकच विचारायची, "आई, बाबा स्टिल ड्राइव्ह करते का?" मी म्हणायचे, करतो गं बाई, आणि मी शेजारी जीव मुठीत धरून बसते.

तर या पार्श्वभूमीवर आम्ही निघालो. आता कामाचं बोलते. मयोर्का हे स्पेनचं बेट, साउथहॅम्प्टनहून तिथल्या पाल्माला सीझनमध्ये थेट फ्लाइट असते, जेमतेम अडीच तास. पाल्माहून बसने उत्तरेला पोयेन्सा गाठलं. सायकली तिथेच भाड्याने मिळतात, त्यामुळे इथून नेण्याचा खटाटोप करू नका. एप्रिलअखेर उत्तम, ऊन कोवळं असतं आणि हॉटेलंही परवडतात. आम्ही घेतली टँडेम, म्हणजे दोघांची एक लांबलचक सायकल. हँडल, ब्रेक, गिअर सगळं पुढच्याच्या ताब्यात, मागच्याने फक्त पाय मारायचे. आयडिया सतीशची. "तू चढावर मागे राहतेस आणि मग वर आल्यावर फुगून बसतेस. टँडेमवर तो प्रश्नच मिटतो." पुढे कोण बसणार हे त्याने विचारलंही नाही.

पहिला दिवस सपाटीवर सराव केला. एकत्र सुरू करायचं, एकत्र थांबायचं, खड्डा आला की पुढच्याने ओरडायचं. मागे बसून मला दिसत होती ती सतीशची पाठ आणि डावी-उजवीकडे मस्त बदामाची झाडं. दर दहा मिनिटांनी तो विचारायचा, "डावीकडून काही येतंय का? उजवीकडे?" मला वाटलं, नवऱ्याची नेहमीची हेडमास्तरकी.

दुसऱ्या दिवशी पोयेन्साहून ल्युकच्या मठापर्यंत चढाई. अंतर वीसेक किलोमीटर, पण चढ संपता संपत नाही. दोन्ही बाजूंना राखाडी खडक, ऑलिव्हची पिळवटलेली झाडं, चुन्याशिवाय रचलेले दगडी बांध, आणि बांधावर उभ्या राहून आपल्याकडे तुच्छतेने बघणाऱ्या रानशेळ्या. दर पाच मिनिटांनी कोणीतरी इंग्लिश सायकलवाला सुळकन पुढे जाताना ओरडणार, "मागची बाई पेडल मारत नाहीये बरं का!" टँडेमवाल्यांसाठी हा एकच जोक जगात आहे आणि तो प्रत्येकाला आपणच शोधलाय असं वाटतं. सतीश दर वेळी खदाखदा हसायचा. सातव्यांदा मी त्याच्या पाठीत बुक्की घातली.

लोक त्या एनर्जी जेलच्या पिशव्या चोखत होते. आम्ही घरून गूळपोळ्या नेल्या होत्या. चढाला गूळपोळीसारखं दुसरं काही नाही, लिहून घ्या. मठात राहायला साध्या, स्वच्छ खोल्या मिळतात, आधी बुक करा. जेवायला टोमॅटो चोळलेला पाव, वर ऑलिव्ह तेल आणि मीठ. एवढंच, पण पोटभर खाल्लं.

तिसरा दिवस खरा. ल्युकहून सोयेर. आधी बरेच चढ-उतार, दोन निळीशार धरणं, मग डोंगराच्या माथ्यावर एक बोगदा आणि बोगदा संपला की चौदा किलोमीटरचा नुसता उतार. या उतारासाठी लोक कुठून कुठून येतात. सतीशने त्याचे व्हिडिओ महिनाभर पाहिले होते.

बोगदा अर्धा किलोमीटरही नसेल. बाहेर लख्ख ऊन, आत दिवे जेमतेम. वीस-तीस मीटर आत गेलो असू आणि हँडल थरथरायला लागलं.

"नीलिमा," तो म्हणाला, "मला काहीच दिसत नाहीये."

"गॉगल काढ!"

"काढलाय. डोळे अंधाराला सरावतच नाहीयेत."

मागून गाडीचा आवाज येत होता. बोगद्यात थांबलो असतो तर गाडी आमच्यावरच आली असती. माझा आवाज कसा कोण जाणे शांत निघाला. उजव्या हाताची भिंत मला दिसत होती. "सरळ. थोडं डावीकडे. बास. आता असंच सरळ. पाय थांबवू नकोस." एकतीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझं एवढं निमूट ऐकलेलं मला आठवत नाही. गाडी हॉर्न देऊन बाजूने गेली. मग समोर उजेडाचं तोंड मोठं होत गेलं आणि आम्ही बाहेर पडलो.

बाहेर थोडी सपाट जागा आहे. तिथे सायकल कठड्याला टेकवली. सतीश खाली बसला आणि बूट न्याहाळत राहिला. मला वाटलं, आता म्हणणार की दिवेच नीट नव्हते.

"टँडेम मी मुद्दाम घेतली," तो म्हणाला. "एकट्याने सायकल चालवायची मला जानेवारीपासूनच भीती वाटतेय. म्हटलं, तू मागे असशील तर बाजूचं सांगत राहशील."

"आणि गाडी?"

"गाडीचीही भीती वाटते. त्या ट्रॉलीवाल्या बाईपासून मला झोप नाही."

मला इतका राग आला! तीन महिने मी याच्याशी भांडतेय, आणि हा मनातून माझ्याच बाजूने होता! "मग बोलायचंस ना रे!" म्हणून मी जी ओरडले, की फोटो काढत उभ्या असलेल्या दोन जर्मन बायका लांब सरकल्या. मग मीच रडले. तोही रडला. गूळपोळीचा शेवटचा तुकडा अर्धा अर्धा खाल्ला.

"तू पुढे बस," तो म्हणाला.

सीट खाली करायला वीस मिनिटं गेली. मी आयुष्यात टँडेम हाकलेली नव्हती, आणि सुरुवात कुठे, तर चौदा किलोमीटरच्या उतारावर. माझ्या हातांना ब्रेक धरून धरून गोळे आले. प्रत्येक वळणावर मी "वळतेय!" ओरडायचे आणि मागून तो म्हणायचा, "वळ." बस, एवढंच. एकदाही 'हळू' नाही, एकदाही 'अगं ब्रेक' नाही. इंग्लिश टोळकं बाजूने गेलं. "मागचा बाबा पेडल मारत नाहीये!" सतीश ओरडला, "मारणारही नाही!"

सोयेरला पोचलो तेव्हा सगळं गाव संत्र्याच्या मोहोराने घमघमत होतं. चौकात ताज्या संत्र्यांचा रस प्यालो. सतीश म्हणाला, "मला तुझ्या हेल्मेटशिवाय काही दिसलं नाही. कसा होता व्ह्यू?" मी म्हटलं, मला काय विचारतोस, मी डांबरावरची नजर हलवली नाही! म्हणजे तो जगप्रसिद्ध उतार आम्हा दोघांनीही पाहिलेला नाही. चौथ्या दिवशी डोंगर ओलांडून सपाटीच्या गल्लीबोळांतून पोयेन्साला परत आलो, मीच पुढे.

घरी आल्यावर दुसऱ्याच सकाळी त्याने टेस्टची अपॉइंटमेंट घेतली आणि मिहिकाला स्वतः फोन केला. टेस्टमध्ये नापास झाला, व्हायचाच होता. लायसन्स पाठवून दिलं. मी जिंकले म्हणून मला आनंद व्हायला हवा होता, पण त्या दिवशी त्याचा चेहरा बघवत नव्हता. आठवडाभर तो घरातून हलला नाही.

त्यानंतरच्या रविवारी बेसिंगस्टोकला मित्रांकडे जेवण होतं. गाडी अर्थातच मी नेली. दारातच कोणीतरी चिडवलं, "काय डॉक्टर, आज शोफर?" मला वाटलं, हा आता कंटाळा आलाय वगैरे सांगून वेळ मारून नेणार.

"मला काचबिंदू आहे," सतीश सगळ्यांसमोर म्हणाला. "बाजूचं दिसत नाही. एका बाईला उडवणार होतो. गाडी सोडली."

कोणीतरी मठ्ठा वाढायला घेतला आणि गप्पा दुसरीकडे वळल्या.

जेवणानंतर मी किचनमध्ये होते. रीडिंग गावचे देशपांडेकाका आत आले. पंचाहत्तरीचे, आमच्या सगळ्या ग्रुपमध्ये मोठे, अजूनही मोटरवेवर सुसाट जाणारे. त्यांच्या मागोमाग सतीश पाणी प्यायला आला. काकांनी किचनचं दार हलकेच लोटलं.

"सतीश," ते म्हणाले, "ती टेस्ट. दुखत नाही ना?"

"नाही काका. बटण दाबायचं असतं. दिवा दिसला की."

"आणि नाही दिसला तर?"

सतीशने ग्लास खाली ठेवला. "टेस्टला मी येतो तुमच्याबरोबर," तो म्हणाला.

संध्याकाळी सगळे निघाले तेव्हा आम्ही फाटकात उभे होतो. देशपांड्यांची गाडी रिव्हर्स होऊन बाहेर आली. काकू चालवत होत्या.